बॉनेटला कमी पडलेली फिल्म

"बेटा, कटिंग छोटी येऊन राहिली," असं चाचा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी जुन्या टूथब्रशने प्लॉटरच्या रोलरवर साठलेला चिकटा काढत होते. दुपारपर्यंत दोन गाड्यांचे तुकडे कापून द्यायचे होते.

लातूरला आमचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. आधी सीट कव्हर आणि रेडियमची अक्षरं असायची, मग काचेची काळी फिल्म आली. ती कायद्याने बंद झाल्यावर नवऱ्याने पीपीएफचं काम घेतलं. पीपीएफ म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची जाड, आरपार दिसणारी फिल्म. खडी उडाली, कुणी किल्ली घासली, तर ओरखडा फिल्मवर पडतो, रंग वाचतो. नवरा गिऱ्हाईक बघायचा आणि मी कॉम्प्युटर आणि प्लॉटर. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक गाडीचा नकाशा असतो. प्लॉटर त्या नकाशाप्रमाणे फिल्म मागेपुढे सरकवतो, वर एक बारीक पातं आडवं धावतं आणि बॉनेटचा, बंपरचा, आरशाचा तुकडा कापून निघतो. तो तुकडा साबणाच्या पाण्यावर तरंगवत गाडीवर बसवायचा, हे चाचांचं काम.

चाचा नांदेडचे. साठीला आलेले, सडपातळ, कमी बोलणारे. तीस वर्षं त्यांनी काचांना फिल्म लावली होती. सतत साबणाच्या पाण्यात असल्यामुळे त्यांच्या बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली असायची. दुकानामागच्या खोलीत राहायचे आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी जायचे. फिल्मखाली अडकलेला एक केस ते बोटाने ओळखायचे, डोळ्यांनी नाही.

गिऱ्हाईक बहुतेक डॉक्टर आणि क्लासचे सर. अकरावी-बारावीच्या क्लासेसनी तोवर लातूरचा नकाशाच बदलून टाकला होता. मेस, अभ्यासिका, वसतिगृहं, आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या सरांच्या नव्या कोऱ्या गाड्या. मीही याच गावात क्लाससाठीच आले होते, निलंग्याजवळच्या खेड्यातून, दोन वर्षं. मेडिकलला मार्क कमी पडले. मग एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन शिकले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझ्याच बॅचमधल्या मुलामुलींचे फोटो मी यशवंतांच्या फ्लेक्सवर ओळीने लावले. त्या दिवसापासून एक खूणगाठ बांधली होती. आपल्या हातून जे जाईल ते तंतोतंत जाईल, त्यात कुणाला बोट ठेवायला जागा मिळणार नाही.

प्लॉटरच्या बाबतीत मी तशीच वागत होते. रोज सकाळी फडक्याने पुसायचे, पात्याचं टोक भिंगातून बघायचे, पात्याखालची पांढरी पट्टी चिरली गेली की बदलायचे. पहिली दोन वर्षं त्याने काही त्रास दिला नाही. मग एकदा ती पट्टी आणि पात्याची दांडी दोन्ही बदलाव्या लागल्या, तेव्हा कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, एकदा कॅलिब्रेशन करून घ्या."

ते कसं करायचं हे त्याने सांगितलं. मशीनला पाचशे मिलिमीटरचा चौकोन कापायला लावायचा. निघालेला चौकोन टेपने मोजायचा. जो आकडा येईल तो मशीनमध्ये भरायचा, म्हणजे मशीन आपली चूक स्वतः दुरुस्त करतं. मी चौकोन कापला, टेपची आकडी कडेला अडकवली आणि मोजला. पाचशे दोन. म्हणजे मशीन दोन मिलिमीटर जास्त कापत होतं. मला बरंच वाटलं, की वेळेवर पकडलं. आकडा भरला, पुन्हा चौकोन कापला. बरोबर पाचशे. तो चौकोन मी भिंतीवर चिकटवून ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांत चाचांची ती तक्रार आली.

मी पुन्हा चौकोन कापून मोजला. पाचशे. त्यांना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, टेपवरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "हाव, बरोबर हाय. पण बॉनेटला छोटी येऊन राहिली."

"आरशाला येते का? हँडलला येते का?"

"न्हाई. ते बरोबर बसतंय."

"मग मशीन कसं चुकेल चाचा? चुकलं तर सगळीकडे चुकेल ना?"

ते परत गाडीकडे गेले.

पुढचे चार महिने मी ज्या संतापात काढले तो आता आठवला तरी डोकं दुखतं. मशीन बरोबर होतं आणि तुकडे कमी पडत होते. फिल्म सरकत असेल म्हणून वरची रबरी चाकं बदलली. पात्याचा दाब कमी केला, तर फिल्म अर्धवट कापली जाऊन काढताना फाटली. दाब वाढवला, तर खालचा कागदही कापला गेला. वेग निम्म्यावर आणला, तेव्हा नवरा म्हणाला, "आज एकच गाडी निघणार का?" कंपनीच्या माणसाला फोन केला की तो म्हणायचा, "मटेरियल ताणत असेल मॅडम." फिल्मवाल्याला केला की तो म्हणायचा, "मशीनचं बघा ताई." दोघंही खूप अदबीने बोलायचे आणि दोघांचंही काही ऐकण्यात लक्ष नसायचं. दर आठवड्याला मी चौकोन कापत होते. दर आठवड्याला पाचशे येत होते. भिंतीवर आता नऊ चौकोन होते.

मग मला वाटायला लागलं की चाचाच फिल्म नीट ओढत नाहीत. वय झालंय, हात थरथरत असतील. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण एकदा मनात आलं की माणूस तसंच बघायला लागतो. ते बॉनेटवर वाकले की मी लांबून त्यांच्या हातांकडे बघायचे. हात थरथरत नव्हते. तरी मी बघायचेच.

सरांची पांढरी गाडी आली ती याच दिवसांत. हे सर फिजिक्स शिकवायचे. मी त्यांच्याच क्लासला होते, दोनशे जणांच्या बॅचमध्ये, शेवटून दुसऱ्या बाकावर. त्यांनी मला ओळखलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते नवऱ्याला म्हणाले, "फिल्म अगदी कडेपर्यंत पाहिजे. मधेच लाइन दिसली तर मी घेणार नाही."

मी बॉनेटचा तुकडा कापून दिला. अर्ध्या तासाने चाचा तो ओला तुकडा तसाच हातात घेऊन आले.

"दोन्ही बाजूनं तीन तीन एमएम कमी. ह्या सरांना चालनार न्हाई, बेटा. येऊन बघ जरा."

बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, फोन वाजत होता, आणि त्या सकाळीच मी दहावा चौकोन कापला होता. मी जागेवरून उठले नाही.

"चाचा, मी मोजलंय," मी म्हणाले.

त्यांनी तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. रोलमधून मोठी अखंड फिल्म कापून घेतली आणि बॉनेटवर अंथरली. आता जास्तीची कड त्यांना गाडीवरच हाताने कापायची होती. प्लॉटर घेतला तो नेमकं हे टाळायला. हाताने कापायचं म्हणजे फिल्म कापली जावी पण खालच्या रंगाला पातं लागू नये, इतका हलका हात हवा. चाचांचा तसा हात होता. तीन कडा त्यांनी छान कापल्या. चौथ्या कडेला, काचेजवळ, जिथे पत्रा किंचित वळतो, तिथे पातं खोल गेलं.

हातभर लांब रेष. उन्हात धरली तरच दिसेल इतकी बारीक, पण रंगातच.

लपवायचं चाचांच्या मनातही आलं नाही. दोन बॅचेसच्या मधल्या वेळेत सर गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी स्वतः बोट ठेवून रेष दाखवली. सर मग एका सुरात, वर्गात बोलतात तसंच, बोलायला लागले. नवी गाडी, पहिला महिना, विश्वासाने दिली, असल्या माणसांच्या हातात ब्लेड देता कसं. आवाज चढवला नाही. आवाज चढवला तो माझ्या नवऱ्याने, चाचांवर, सरांना ऐकू जावा म्हणून.

"पॅटर्न कापून दिलेला असताना हातानं कशाला कापत बसलात?"

"तुकडा छोटा होता, मालक," चाचा म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सरांनी पाहिलं. चाचांनी मात्र पाहिलं नाही, ते हातातलं फडकं पिळत होते.

मी म्हणाले, "मशीन बरोबर आहे. सकाळीच मोजलंय मी." आणि सगळ्यांना भिंतीवरचे चौकोन दाखवले.

चाचांनी हात धुतले. पाती एका डबीत भरली, फिल्म गरम करायच्या हीट गनची वायर गुंडाळून ती जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागची खोली रिकामी होती, झाडून काढलेली. नवरा म्हणाला, "गेले ते बरंच झालं." बॉनेट आम्ही रंगवून दिलं. नवा फिटर आला, तरणा, सोलापूरचा. तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "वैनी, तुकडा कमी पडतोय." मी मशीनसमोर बसले आणि चाकं पुन्हा सोडवायला लागले.

पुढे महिन्याभरात आमच्या वरचा मजला एका क्लासने घेतला. सुतार वर प्लायच्या भिंती उभ्या करत होता. दिवसभर करवतीचा आवाज, आणि जिन्यातून येणारा भुसा माझ्या फिल्मवर. एके सकाळी तो खाली आला आणि टेप मागून घेऊन गेला, त्याची कुठे राहिली होती म्हणे. थोड्या वेळाने परत आला. आता त्याची स्वतःची टेप कमरेला होती.

"ताई, ही तुमची टेप कामाची न्हाई," तो म्हणाला. "दोन एमएम खोटी हाय."

"खोटी म्हणजे?"

त्याने दोन्ही टेपा माझ्या टेबलावर शेजारी शेजारी लावल्या. "हे बघा. टोक तुटल्यालं हाय. कुणीतरी कापून परत आकडी ठोकली. पहिला सेंटिमीटर आठच एमएमचा राहिलाय. माझ्या दोन फळ्या वाया गेल्या."

मी बघत राहिले. पहिल्या सेंटिमीटरमध्ये आठ रेषा होत्या. ही टेप मी रोज हातात घेत होते आणि रोज दुसरं टोक बघत होते, पाचशेचं. सुरुवात कधी बघितलीच नव्हती.

सुतार गेल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. टेप प्रत्येक माप दोन मिलिमीटर जास्त दाखवत होती. मशीन पहिल्यापासून बरोबर पाचशेच कापत होतं. मी त्याला सांगितलं, तू पाचशे दोन कापतोस, कमी कर. त्याने ऐकलं. अर्ध्या मीटरला दोन मिलिमीटर, तर दीड मीटरच्या बॉनेटला सहा. दोन्ही बाजूंना तीन तीन. आरसा आणि हँडल इतके लहान, की तिथे चूक एका मिलिमीटरच्याही आत राहायची, कुणाला कळायचीच नाही. चाचा जे सांगत होते ते अक्षरशः तेवढंच होतं. आणि दर आठवड्याला मी त्याच खोट्या टेपने मशीनची परीक्षा घेत होते आणि मशीन दर आठवड्याला पास होत होतं.

मापाची सुरुवातच शून्यावरून नसली की त्याला झिरो एरर म्हणतात. बारावीला व्हर्नियर कॅलिपरच्या गणितात हीच चूक शोधायची असते. मी ती किमान दोनशे वेळा शोधली असेल.

नवरा आल्यावर विचारलं, "अहो, या टेपचं टोक कुणी दुरुस्त केलं?"

"मीच. दारात सापडून तुटलं होतं. चांगली टेप फेकून द्यायची का?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने टेपची आकडी ओढून बघितली. मग म्हणाला, "आता कुणाला सांगत बसू नको. झालं ते झालं. नवी टेप आण."

मी एक मीटरची स्टीलची पट्टी आणली आणि पुन्हा कॅलिब्रेशन केलं. बॉनेट बरोबर बसलं. नवा फिटर म्हणाला, "आता झाक." त्याच्या त्या शब्दाने मला आनंद व्हायला हवा होता. मी आत जाऊन भिंतीवरचे सगळे चौकोन नखाने खरवडून काढले. चिकटा निघता निघत नव्हता.

रविवारी मी नांदेडची एसटी धरली. नवऱ्याला मावशीकडे जाते म्हणून सांगितलं. गाडी अहमदपूर सोडून लोह्याकडे लागली आणि मला एकाएकी आमच्या खेड्यातली एक दुपार आठवली.

भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. आमचं घर पडलं नव्हतं, पण मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. काही आठवड्यांनी नुकसान बघायला एक साहेब आला. त्याने पुढच्या भिंतीच्या भेगेला टेप लावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. आई म्हणाली, "साहेब, मागची भिंत बघा की." तो म्हणाला, "बाई, मी मोजलंय." आई पदर तोंडाला धरून त्याच्यामागे दोन घरं पुढे चालत गेली. तो वळला नाही. आमचं घर कमी नुकसानीत लिहिलं गेलं, आणि ती भिंत पुढच्या पावसाळ्यात आमच्या शेळीवर पडली. त्या माणसाला मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. त्याचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवतो. खिडकीशी बसून मला तोच आवाज ऐकू येत होता आणि तो माझा होता.

नांदेडला चाचांच्या पुतण्याचं काचेचं दुकान आहे, आधी तिथे गेले. तिथे कळलं की ते जवळच एका क्लासच्या ऑफिसात काम करत आहेत. तिथे गेले. ते शिडीवर उभे राहून काचेच्या भिंतीला दुधी फिल्म लावत होते. मला बघून खाली उतरले.

"बेटा तू? सगळं ठीक हाय ना?"

मी पिशवीतून टेप काढून त्यांच्या हातात दिली. कसं सांगायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, पण सगळं उलटसुलट बोलले. पहिला सेंटिमीटर, चौकोन, सुतार. चाचांनी चष्मा वर केला आणि टेपचं टोक डोळ्यांजवळ नेलं.

"आठच हायेत," ते म्हणाले.

"तुम्ही बरोबर होता चाचा. तुकडा लहानच येत होता."

"मला माहीत होतं की." त्यांनी टेप परत दिली. "मी रोज तेच सांगून राहिलो होतो."

मला रडू आलं. त्यांनी नजर काचेकडे वळवली. मी सावरल्यावर म्हणाले, "चूक माझी होती. तुम्ही परत या. मी यांच्याशी बोलते."

"कट माझ्या हातचा होता बेटा. ते मशीनचं न्हाई." मग त्यांनी विचारलं, "सरांना सांगितलं?"

"नाही अजून."

"मालकांनी कुनाला सांगितलं?"

"नाही."

"मग मलाच का सांगून राहिलीस? मला तर आधीच माहीत होतं."

ते रागावून बोलले नाहीत. पण मला चहाही विचारला नाही, आणि चाचा कुणालाही चहा न पाजता पाठवणारे नव्हते. ते शिडीवर चढले. मी थोडा वेळ उभी राहिले, मग निघाले.

मंगळवारी मी सरांच्या क्लासवर गेले. एक बॅच सुटत होती, दुसरी आत शिरत होती, जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. सर हातात खडू घेऊन बाहेर आले. मी गाडीची आठवण दिली.

"हां हां. बॉनेट. झालं की ते. आता काय?"

"सर, त्या दिवशी चूक फिटरची नव्हती. माझ्या टेपचं टोक तुटलेलं होतं, त्यामुळे मशीनच कमी कापत होतं. त्यांना नाइलाजाने हाताने कापावं लागलं. टेपला झिरो एरर होती सर."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"झिरो एरर? पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?"

मी गोंधळले. "टेप जास्त दाखवत होती. म्हणजे पॉझिटिव्ह."

"करेक्ट," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "छान उदाहरण आहे. पोरांना सांगतो." आणि वर्गात गेले. दार लागलं. आतून शंभर-दीडशे वह्या एकदम उघडल्याचा आवाज आला.

मला ओरडून सांगायचं होतं की सर, उदाहरण नाही, माणूस आहे. पण दाराबाहेर फक्त चपलांचा ढीग होता.

संध्याकाळी चाचांना फोन लावला. सरांना सांगितलं, असं मी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"काही नाही. विसरले होते ते."

मग चाचा म्हणाले, "बरं केलंस." ते परत येणार नाहीत हे त्यांनी सांगितलं, पुतण्याकडे काम भरपूर होतं आणि घर जवळ. मग विचारलं, नवा पोरगा काचेजवळची कड कशी बसवतो. मी म्हणाले, ओढूनताणून बसवतो, दोन दिवसांत उचलते.

"त्याला म्हनावं, तिथं पानी कमी मार. आनि बसवल्यावर लगेच गरम करू नको, आधी हातानं दाबून ठेव. कितीबी घाई असली तरी."

मी कागद ओढला आणि ते सांगत होते ते लिहून घेत गेले.